फाटकापर्यंत

अक्का, आज पण पावणेसहाला मी उठून बसले, हातात फोन घेऊन. तुझं तेरावं होऊन पाच दिवस झाले. फोन वाजणार नाही हे मला कळतं, मी काही वेडी नाही. तरी बसले. पावणेसहाचे सहा झाले. शेजारच्या गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली, आणि तो आवाज ऐकत मी तशीच बसून राहिले. वाटलं, आता आपण उठणारच नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही.

नऊ वर्षांचा आपला नियम. चोपड्याहून तू दोन रिंगा द्यायच्या, म्हणजे तुझ्या पायात चपला गेल्या. धुळ्याहून मी उलट दोन द्यायच्या, म्हणजे माझ्याही गेल्या. उचलायचं नाही. उचललं की बोलणं आलं, बोलणं आलं की चहा आला, आणि चहा आला की चालणं गेलं, हे तुझंच गणित. एकदा ह्यांनी झोपेत फोन उचलला आणि "हॅलो, कोण?" म्हणाले, तर तू काही न बोलता कट केलास आणि रविवारच्या फोनवर मला अर्धा तास झापलंस, जसा काही मीच त्यांना शिकवून ठेवला होता!

आठवतं ना हे सुरू कसं झालं? मायचा पाय गेला तेव्हा. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्याखालून सगळा. आपण दोघी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलो होतो, आणि दोघींच्याही पर्समध्ये स्वतःचे रिपोर्ट होते. एकाच महिन्यात दोघींना साखर निघाली होती. मी रडत होते. तू रडली नाहीस. तू म्हणालीस, "सुमे, आपले चालनं पडी."

मी लगेच निघाले की जोरात! मला तर सगळं एकदम पाहिजे. कारल्याचा रस, मेथीची पूड, भात बंद, बटाटा बंद, रोज दीड तास चालणं. पोरानं पुण्याहून पावलं मोजायचं घड्याळ पाठवलं, ते मनगटावर. चार दिवस घरात मी कुणाला सुखानं जेवू दिलं नाही. पाचव्या दिवशी गुडघा धरला, आणि सहाव्या दिवशी मी ह्यांच्या ताटातली शेवभाजी ओरपत होते. मग काय, मोडलं ते मोडलंच. महिनाभर घराबाहेर पाऊल टाकलं नाही. हे माझं असं आयुष्यभर चाललंय.

तेव्हा तू जे सांगितलंस ते मी फोनच्या शेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. "सुमे, नुसती चप्पल घाल नि फाटकपावत जाय. फाटकजोडे वाटनं तर पुढे जाय, नही वाटनं तर परत ये. फाटकपावत जावाले काय मरस का तू?" मी हसले होते. हे काय पथ्य झालं, म्हटलं. पण पहिल्या दिवशी खरंच फाटकापर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी फाटकात उभी राहिले तेव्हा माझी मलाच लाज वाटली. इथवर आलोच आहोत तर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊ. महिन्याभरानं मी पांझरा नदीच्या पुलापर्यंत जात होते. चपलांची तोंडं दाराकडे करून ठेवायचं तूच शिकवलंस. सकाळी डोळे अर्धे मिटलेले असतात, तेव्हा चपला जिकडे बघतात तिकडेच माणूस जातं म्हणालीस.

आणि खायला म्हणशील तर तू काही साध्वी नव्हतीस, मला उगाच तुला देवी करायचं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी, ती पण दोन, वर वाटीभर आंब्याचा रस, आणि खिचडीवर तेलाची धार. मी ओरडायचे. तू म्हणायचीस, आखाजी वर्षातून एकदा येते, चालणं रोज येतं. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला तुझ्या रिंगा हजर. मी मात्र एक जिलबी खाल्ली की आठवडाभर तोंड लपवायचे. चुकलं तर चुकलं, पण लागोपाठ दोनदा चुकायचं नाही, हा तुझा कायदा. मला तो समजायला चार वर्षं लागली.

रक्त तपासायच्या आधीची आपली चोरी आठवते? तीन दिवस नुसती ज्वारीची भाकरी आणि दुधीची भाजी, म्हणजे रिपोर्ट कसा झक्क येतो. दोघी पास! फोनवर एकमेकींना शाबासकी. मग डॉक्टरांनी तीन महिन्यांची साखर सांगणारी ती दुसरी तपासणी लिहून दिली, आणि दोघी एकाच आठवड्यात पकडल्या गेलो. माझे डॉक्टर म्हणाले, "बाई, रक्त खोटं बोलत नाही. पेशंट बोलतात." तू हे ऐकून इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

पण अक्का, त्याच डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. गोळी, चालणं, आणि रोज अंघोळीनंतर आरसा घेऊन तळपाय बघणं. गोळी घेतली. चालणं केलं. तिसरी गोष्ट आपण दोघींनी हसण्यावारी नेली. "पाय काय बघायचे रोज? ते काय पळून चालले?" हे वाक्य माझं. मी म्हणाले आणि तू हसलीस. आता मला कळतंय आपण का हसलो. आपल्याला बघायचं नव्हतं. तळपाय बघितला की मायचा पाय दिसणार, ही भीती होती. जी गोष्ट करायला सगळ्यात कमी वेळ लागत होता तीच आपण टाकून दिली.

आता श्रावणाचं बोलते. बोलायलाच पाहिजे, नाहीतर हे लिहून काही उपयोग नाही.

कानबाई, आपली खानदेशातली श्रावणातली देवी, तिच्या आदल्या दिवशी मी तुला फोन केला. नैवेद्याच्या रोटांचं दळण झालं का, नारळ आणलं का, हे सगळं बोलून झालं आणि मी म्हणाले, अक्का, विसर्जनाच्या मिरवणुकीत चप्पल घाल. निदान मोजे तरी घाल. तुझ्या तळव्यांना मुंग्या येतात, तूच सांगत होतीस. तू म्हणालीस, "कानबाईम्होरे चप्पल घालीसन चालू का व मी?" तुझ्या सासूनं घातली नाही, तिच्या सासूनं घातली नाही. मी म्हणाले, त्यांना साखर नव्हती. तू म्हणालीस, माले काय नही व्हस. आणि मग माझी जीभ सुटली. काय काय बोलले मी! मायच्या पायाचा विषय काढला, तुझ्या आडमुठेपणाचा उद्धार केला, शेवटी म्हणाले, "जा, नाच अनवाणी. उद्या पाय कापला तर माझ्याकडे रडत येऊ नको." आणि फोन आपटला.

हे मी बोलले, अक्का. हेच शब्द.

दोन दिवस तुझ्या रिंगा आल्या नाहीत. मीही दिल्या नाहीत, फुगून बसले. तिसऱ्या दिवशी पावणेसहाला फोन वाजला, दोन रिंगा. मला इतकं हायसं वाटलं की मी चपलेचा पट्टा न लावताच निघाले. रविवारी बोललो तेव्हा पायाचा विषय तू काढला नाहीस, मी काढला नाही. वाटलं, भांडण मिटलं.

त्यानंतर एक दिवस चुकला नाही. श्रावण, भादवा, गणपती, नवरात्र, रोज दोन रिंगा. इतक्या नेमानं मी नऊ वर्षांत कधी चालले नव्हते. दिवाळीला भाऊबीजेच्या निमित्तानं तुझ्याकडे यायचं म्हटलं तर तू म्हणालीस, कापसाची वेचणी चालू शे, घरात कोणी नाही, पुढच्या महिन्यात ये. मला जरा राग आला. पण माझा रिपोर्ट आला होता, त्या आनंदात मी तो गिळला. "अक्का, तीन महिन्यांची साखर सातच्या खाली! पहिल्यांदा!" तू फोनवर टाळी वाजवलीस. मला स्पष्ट ऐकू आली ती टाळी.

मग जळगावच्या दवाखान्यातून तुझ्या मुलाचा फोन आला. मी आले तोवर घोट्यापर्यंत पाऊल काढलं होतं. तू शाल ओढून पाय झाकलास, माझ्यापासून, आणि पहिलं काय विचारलंस? "आज गई होती का फिराले?" मी तिथेही ओरडले. दवाखान्यात, सगळ्यांसमोर. सांगता येत नव्हतं? तोंड शिवलं होतं का? तू इतकी बारीक हसलीस. "तुना धाक, सुमे."

मला वाटलं तू गंमत करतेस. आपल्यात तू मोठी, माझा कसला धाक! बिछान्यावर बसून मी तुझे केस विंचरले, मोसंबी सोलून दिली, आणि त्या वाक्याचा पुन्हा विचार केला नाही. आठव्या दिवशी तू गेलीस.

दशक्रियेच्या दिवशी, नदीवरून सगळे परत आल्यावर, तुझी सून ज्योती मला मागच्या पडवीत घेऊन गेली. म्हणाली, "मावशी, एक सांगते, रागवू नका." बघ, हिलाही आधी तेच म्हणावं लागलं. मग तिनं सांगितलं. कानबाईच्या विसर्जनाला रस्ता तापलेला होता. घरी आल्यावर तळपायाला फोड होता, तो तुला कळलाही नाही. तिसऱ्या दिवशी पलंगाच्या चादरीवर डाग दिसला तेव्हा कळलं. हळद लावली, कसलंसं मलम लावलं. तेव्हापासून तू एक दिवसही चालायला गेली नाहीस.

मी म्हटलं, "मग रिंगा?"

"खाटेवरून. गजर लावायच्या, मावशी. उठून बसायच्या, तुम्हाला दोन रिंगा द्यायच्या. तुमच्या परत आल्या की म्हणायच्या, 'निंघनी मनी सुमी.' आणि मग आडव्या व्हायच्या."

"आणि मला कळवायचं नाही? तुला तरी अक्कल नको?"

"शपथ घातली होती. सुमेले सांगू नको म्हणायच्या, ती वरडी वरडी घर डोकावर लई. आणि म्हणायच्या, तिला कळलं तर तिचं चालणं मोडेल. तिचं एकदा मोडलं की मोडतंच."

मी तिथे पडवीत बसले, अक्का, खाली जमिनीवर. मला रडू आलं नाही. मला भीती वाटली. तीन महिने तू खोट्या रिंगा देत होतीस आणि मी खरी चालत होते. तुझा पाय सडत होता आणि माझी साखर खाली येत होती. तुझे उपकार मानू का तुला शिव्या देऊ? मला दोन्ही करायचंय. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून तुला शिव्या द्यायच्यात. तू नुसतं एकदा म्हणाली असतीस, सुमे, पाय दुखावला, तर मी पहिल्या बसनं आले असते. आधी बोंबलले असते, हे खरं. पण आले असते ना ग! तुला माझं बोंबलणं दिसलं, येणं दिसलं नाही. आणि तशी मी तुला दिसले यात चूक तुझी नाही.

त्याच संध्याकाळी मी धुळ्याला घरी आले, न्हाणीचं दार लावलं, ह्यांचा दाढीचा आरसा घेतला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा माझा तळपाय बघितला.

डाव्या अंगठ्याखाली काळा डाग आहे. मुगाच्या दाण्याएवढा. दाबला तर दुखत नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. आपण जन्मभर समजत आलो की दुखत नाही म्हणजे काही नाही. आता तो डाग दुखत नाही, याचीच भीती वाटते.

त्या दिवसापासून आज आठ दिवस. कुणाला सांगितलं नाही. ह्यांना नाही, पोराला नाही. वर एक पट्टी चिकटवली आणि घरात मोजे घालून फिरते. थंडी वाजते म्हणून सांगितलं. चालणं बंद आहे. ह्यांना वाटतं, बहिणीच्या दुःखात आहे, म्हणून ते काही बोलत नाहीत. मी रोज दोनदा पट्टी काढते, बघते, आणि परत लावते. काल मला तो डाग मसुराएवढा वाटला. मग वाटलं, नाही, मुगाएवढाच आहे. धुणं वाळत घालताना, भाजी चिरताना, मनात एकच, आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्याखालून. मायचा, अक्काचा, आणि आता माझा नंबर. डोळे मिटले की ती शाल दिसते, तू ओढून घेतलेली.

आणि अक्का, तू का लपवलंस ते मला आता नीट कळलं. नुसता माझा धाक नव्हता तो. सांगितलं की खरं होतं. सांगितलं की कुणीतरी पट्टी काढणार, कुणीतरी भुवया उंचावणार, कुणीतरी कागद पुढे करून म्हणणार, इथे सही करा. न सांगता एकेक दिवस पुढे ढकलता येतो. मी तुला म्हणत होते, तोंड शिवलं होतं का? शिवलंच होतं ग. माझंही शिवलंय. एवढी तोंडाळ बाई मी, धुळ्यात आमच्या अख्ख्या देवपुरात प्रसिद्ध!

म्हणून आज सकाळी सहा वाजले तरी मी तशीच बसले होते. टाकी वाहत होती. आणि का कोण जाणे, माझ्या अंगठ्यानं तुझा नंबर दाबला. नुसती सवय. नऊ वर्षं त्या वेळेला तो दाबत आलाय, त्याला तुझं तेरावं काय माहीत. एक रिंग गेली. दुसरी गेली. आता कट करायचं, हा नियम. माझा हात हलला नाही.

तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

मला क्षणभर तूच वाटलीस. मग ज्योतीचा आवाज आला. "मावशी? काय झालं?"

तुझा फोन तिनं बंद केला नव्हता. उशाशी ठेवत होती म्हणे. मला म्हणायचं होतं, काही नाही ग, चुकून लागला, झोप. तोंडात आलंही होतं. पण नऊ वर्षांत पहिल्यांदा माझी सकाळची रिंग पलीकडे कुणी उचलली होती आणि विचारत होतं, काय झालं. मी म्हणाले, "ज्योती, माझ्या पायाला काळा डाग आहे. आठ दिवस झाले. मी कुणाला सांगितलं नाही."

मी वाट बघत होते ती कधी ओरडते याची. मी असते तर ओरडले असते. ती म्हणाली, "काका कुठे आहेत? त्यांना उठवा. मी फोन ठेवत नाही, मावशी. तुम्ही उठवा, मी इथेच आहे." आणि खरंच तिनं ठेवला नाही. मी ह्यांना हलवलं. ते उठले, चष्मा लावला, माझा पाय मांडीवर घेतला, पट्टी काढली. नुसता पाय धरून बसले. मग उठून कपाटातली माझी फाईल काढून आणली. ज्योतीनं फोनवरून विचारलं, "बघितला का काकांनी?" मी म्हणाले, बघितला. तेव्हा कुठे तिनं ठेवला.

साडेआठ वाजलेत. दवाखाना नऊला उघडतो, हे रिक्षा बघायला कोपऱ्यावर गेलेत, आणि मी पलंगावर बसून तुला हे लिहितेय. डाग लहान असेल, मोठा असेल, मला माहीत नाही. डॉक्टर काय म्हणतील माहीत नाही. मी भयंकर घाबरले आहे, अक्का. कुणीतरी म्हणावं, आज नको, उद्या जाऊ, आणि मी लगेच हो म्हणेन, इतकी घाबरले आहे. ज्योतीनं आताच पुन्हा फोन केला होता, निघालात का विचारायला. मी म्हणाले, बाई ग, माझ्यानं दवाखान्यापर्यंत जाववणार नाही.

ती म्हणाली, "दवाखान्यात कुठे जायचंय मावशी. आई म्हणायच्या तसं फक्त फाटकापर्यंत जा."

चपला दाराकडे तोंड करून ठेवलेल्या आहेत. रिक्षा आल्याचा आवाज आला. घालते आता.